अंटार्क्टिकाच्या जहाजसफरीत प्राणी-पक्षी कसे पाहावेत : पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

अंटार्क्टिकाची नेहमीची सफर दहा-अकरा दिवसांची. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआया बंदरातून जहाज सुटतं, दोन दिवस ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांमधला समुद्र, ओलांडण्यात जातात आणि दोन दिवस परतीत. उरलेले पाचेक दिवस साउथ शेटलंड बेटांवर आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर. रोज दोनदा उतरायला मिळालं, हवामानाने साथ दिली, तरी प्राण्यांसमोर प्रत्यक्ष उभं राहण्याचा वेळ पंधरा तासांच्या आसपास भरतो. एवढ्या खर्चाच्या प्रवासात हाती येणारे हे मोजके तास वाया जाऊ नयेत, यासाठी काय करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. भारताची मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रं पूर्व अंटार्क्टिकात आहेत, या मार्गापासून हजारो किलोमीटर दूर. ती या सफरीत दिसत नाहीत.

१. काय पाहायचं ते ठरवा, मग महिना निवडा

सगळं एकाच महिन्यात दिसत नाही. जहाजं साधारण ऑक्टोबरअखेरपासून मार्चपर्यंत जातात.

नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ असतो. पेंग्विनांच्या जोड्या जमतात, घरटी रचली जातात, दगडांची चोरी जोरात चालते. घरटं म्हणजे खड्यांची रास, त्यामुळे चांगला खडा ही तिथली मोठी संपत्ती. मात्र समुद्रावरचा बर्फ अजून फुटलेला नसतो. लेमेर चॅनलसारख्या चिंचोळ्या वाटा बंद असू शकतात आणि व्हेल कमी दिसतात.

डिसेंबरअखेर ते जानेवारी हा पिल्लांचा काळ. अंडी बहुधा दोन, उबवायला साधारण पस्तीस दिवस. जानेवारीच्या शेवटी पिल्लं मोठी होऊन घोळक्याने उभी राहू लागतात. प्रकाश जवळजवळ चोवीस तास असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेल सर्वाधिक. पिल्लं अन्नासाठी आईबापांच्या मागे धावतात, आणि हा पाठलाग तासभर पाहत राहावा असा असतो. उणी बाजू अशी की वसाहतींमध्ये चिखल आणि विष्ठा पसरलेली असते, वास दूरवर येतो आणि अडेली पेंग्विन बऱ्याच ठिकाणांहून निघून गेलेले असतात.

एम्परर पेंग्विनची आशा धरू नका. त्यांची ओळखीची वसाहत वेडेल समुद्रातल्या स्नो हिल बेटापाशी आहे आणि तिथे जाणाऱ्या सफरी वेगळ्या, फार महाग असतात. हजारोंच्या संख्येने किंग पेंग्विन पाहायचे असतील तर साउथ जॉर्जिया बेट जोडलेली अठरा ते बावीस दिवसांची सफर घ्यावी लागते. एजंटने दाखवलेल्या फोटोत मानेवर पिवळा-केशरी रंग असलेला उंच पेंग्विन असेल, तर हा पक्षी माझ्या मार्गावर आहे का, हे आधी विचारा.

पहिलीच खेप असेल आणि एकच महिना निवडायचा असेल, तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा घ्यावा. पिल्लं आणि व्हेल दोन्ही मिळतात.

२. जहाज निवडताना केबिनआधी प्रवाशांची संख्या बघा

नियम असा की एका ठिकाणी एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर नसावेत. पाचशेपेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज कुणालाच उतरवू शकत नाही, ते लांबून किनारा दाखवून परततं. स्वस्त मिळतं म्हणून अनेकजण अशा जहाजाचं तिकीट काढतात आणि मग पेंग्विन ठिपक्याएवढे दिसतात.

हिशोब सोपा आहे. शंभर-सव्वाशे प्रवाशांच्या जहाजात जवळजवळ सगळे एकत्र उतरतात. एकशे ऐंशींच्या जहाजात निम्मे किनाऱ्यावर आणि निम्मे रबरी बोटीतून फेरी मारतात, मग अदलाबदल. हेही चांगलंच. चारशेंच्या जहाजात मात्र पाळ्या लागतात आणि तुमच्या वाट्याचा वेळ कमी होतो.

बुकिंगच्या आधी हे प्रश्न लेखी विचारा:

- जहाजावर जास्तीत जास्त किती प्रवासी असतील, आणि किनाऱ्यावर प्रत्येकाला साधारण किती वेळ मिळेल?
- कंपनी आयएएटीओ या संघटनेची सदस्य आहे का? (अंटार्क्टिका पर्यटनाचे नियम पाळणाऱ्या कंपन्यांची ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली.)
- पक्षी आणि सागरी सस्तन प्राणी जाणणारे मार्गदर्शक किती? किनाऱ्यावर वीस प्रवाशांमागे निदान एक लागतोच.
- जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, प्रवाशांना जाऊ देतात का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सोडू नका. ब्रिजवरून समोरचा समुद्र आणि दोन्ही बाजू दिसतात, आत ऊब असते, आणि पहाऱ्यावरचा अधिकारी दुर्बिणीतून कुठे बघतोय तेही कळतं.

छापील कार्यक्रमातल्या ठिकाणांवर विसंबू नका. वारा आणि बर्फ बघून मोहिमेचा प्रमुख रोज कार्यक्रम बदलतो. एखादं बेट चुकलं म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट : परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक.
- अर्जेंटिनाचा व्हिसा : अर्जेंटिनाचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. जहाज अर्जेंटिनाबाहेर जाऊन परत येतं, म्हणून एकाहून अधिक प्रवेशांची मुभा असलेला व्हिसा मागा. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांना सवलती आहेत, पण त्या बदलत राहतात. तिकीट काढायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळ बघा.
- वाटेत विमान बदलता त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते बघा.
- पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र : इथे बरेच भारतीय अडकतात. भारताच्या यादीत अर्जेंटिना, ब्राझील आणि इथिओपिया हे देश आहेत. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, वेळ आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतं. वय साठच्या पुढे असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोला.
- प्रवास विमा : आपत्कालीन वैद्यकीय सुटकेसह. किमान रक्कम कंपनी लेखी कळवते. पॉलिसीत अंटार्क्टिका हे नाव स्पष्ट आहे का, ते वाचून घ्या. 'जगभर' म्हणणाऱ्या काही पॉलिसी ध्रुवीय प्रदेश वगळतात.
- कंपनीचा आरोग्य अर्ज, डॉक्टरांच्या सहीसह.
- आहाराचा अर्ज : शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते याच अर्जात लिहा. जहाजावर चढल्यावर सांगून उपयोग नाही, कारण भाजीपाला बंदरातच भरलेला असतो.

ब्युनोस आयर्सला आंतरराष्ट्रीय विमानं एझेइझा विमानतळावर उतरतात, पण उशुआयाची बरीच विमानं शहरातल्या आएरोपार्केहून सुटतात. मध्ये शहर ओलांडावं लागतं. जहाज सुटण्याच्या निदान एक दिवस आधी, जमल्यास दोन दिवस आधी उशुआयात पोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि हरवलेलं सामान समुद्रात पोचवता येत नाही.

४. सामान

उन्हाळ्यात तापमान शून्याच्या थोडं खाली-वर असतं. मनाली-लेहची थंडी सोसलेल्यांना आकडा मामुली वाटेल, पण बोटीत बसल्यावर वारा आणि पाण्याचे तुषार हाडापर्यंत पोचतात. म्हणून थर घाला : अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर पाणी न शिरणारं जाकीट. सुती कपडे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत.

बहुतेक कंपन्या जाकीट देतात आणि गमबूट सफरीपुरते वापरायला देतात. पाणी न शिरणारी पँट मात्र तुमची तुम्हाला आणावी लागते आणि नेमकी तीच राहते. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेली चालत नाही. ती गमबुटाच्या बाहेरून खाली येईल इतकी ढगळ असावी, आत खोचली की बुटात पाणी उतरतं.

हातमोजे दोन जोड : आत पातळ, ज्याने कॅमेऱ्याचं बटण दाबता येतं, आणि वर जाड. गॉगल, उच्च एसपीएफचं सनस्क्रीन, टोपी, गळपट्टी. पाठीवरची छोटी सॅक आणि तिच्यात पाणी न शिरणारी पिशवी.

दुर्बीण प्रत्येकाची स्वतंत्र हवी. नवराबायकोत एक दुर्बीण नेली तर व्हेल वर आला की ती दुसऱ्याच्या हातात असते. ८x४२ मापाची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या. हलत्या डेकवर १०x मधलं चित्र थरथरतं.

५. कपड्यांतलं बी-बियाणं घरीच काढा

किनाऱ्यावर उतरण्याआधी जहाजावर प्रत्येकाच्या कपड्यांची आणि सॅकची तपासणी होते. खिसे, वेल्क्रो आणि बुटांचे तळवे ब्रशने, व्हॅक्यूमने, चिमट्याने साफ करून घेतात. आपल्याकडच्या मंडळींचा इथे हमखास वेळ जातो. सह्याद्रीत ट्रेकला वापरलेल्या सॅकच्या पट्ट्यांत आणि मोज्यांत कुसळं रुतलेली असतात, आणि जाकिटाच्या खिशात बडीशेप, तीळ, ओवा निघतो. एक गवताचं बीसुद्धा तिथे चालत नाही, आणि त्याला कारण आहे : पोआ ॲनुआ हे साधं गवत किंग जॉर्ज बेटावर माणसांबरोबर पोचलं आणि तिथे रुजलं.

घरी सगळे खिसे उलटे करा, शिवणी झटका, वेल्क्रो टाचणीने साफ करा. शक्य असेल तर सॅक नवीच घ्या.

बर्ड फ्लूमुळे नियम आणखी कडक झालेत. त्याचा एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळला. त्यामुळे आता किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, आडवं होणं, सॅक किंवा तिवई जमिनीवर ठेवणं चालत नाही. जमिनीला फक्त गमबूट लागावेत, आणि परतल्यावर ते जंतुनाशक द्रावणात घासून धुवायचे. आडवं पडून पेंग्विनच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेले जुने फोटो पाहिले असतील तर ते विसरा.

६. ड्रेक पॅसेज : झोपून घालवू नका

उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध उशुआयाजवळची शांत पाण्याची वाट, बीगल चॅनल, संपण्याआधीच घ्या. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात. चालताना एक हात कायम कठड्याला.

तब्येत ठीक असेल तर मागच्या डेकवर जा. पक्षी जहाजाच्या मागून वाऱ्यावर येतात. वाँडरिंग अल्बट्रॉसच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत जातो, आणि पंख न हलवता तो लाटेमागून लाट ओलांडतो. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा केप पेट्रेल ओळखायला सर्वांत सोपा. पाण्यावर पाय टेकवत नाचल्यासारखा उडणारा, चिमणीहून थोडा मोठा, काळा आणि पार्श्वभागी पांढरा पट्टा असलेला पक्षी दिसला तर तो विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. हाच पक्षी तिकडच्या हिवाळ्यात उत्तरेकडे येतो, आणि पावसाळ्याच्या सुमारास कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात दिसतो.

केबिनमधला ध्वनिक्षेपक बंद करू नका. 'दोन वाजता व्हेल' अशी घोषणा आली तर ती घड्याळातली वेळ नव्हे, दिशा असते. जहाजाचं नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. जाकीट आणि दुर्बीण दारामागे टांगून ठेवा. घोषणेनंतर कपाट उघडणारा डेकवर पोचेपर्यंत प्राणी बुडी मारून गेलेला असतो.

७. रबरी बोटीत

बोटीला सगळे झोडिॲक म्हणतात. एका बोटीत आठ-दहा प्रवासी. चढताना-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा सॅकमध्ये. खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजा न धरता एकमेकांचं मनगट धरायचं, ओले हातमोजे असले तरी ती पकड सुटत नाही. चढल्यावर लगेच बसा आणि बसूनच सरका. पुढे बसलात तर दृश्य छान आणि अंग ओलं, मागे चालकापाशी कोरडं.

परवानगीशिवाय उभं राहू नका. प्राणी दुसऱ्या बाजूला असेल तर चालक बोट वळवतोच. सगळे एका कडेला झुकले की फोटो कुणालाच मिळत नाही.

८. पेंग्विनांच्या वसाहतीत

तीन जाती लक्षात ठेवा. नारिंगी चोच आणि डोळ्यावर पांढरा ठिपका : जेंटू. हनुवटीखाली काळी रेघ : चिनस्ट्रॅप. काळं डोकं आणि डोळ्याभोवती पांढरं कडं : अडेली. जेंटूसाठी कुव्हरविल बेट आणि नेको हार्बर, चिनस्ट्रॅपसाठी हाफ मून बेट, अडेलीसाठी पीटरमन बेट किंवा ब्राउन ब्लफ.

अंतर पाच मीटर. पेंग्विनाला वाट आधी द्यायची. बर्फात त्यांच्या येण्या-जाण्याने पडलेले खोलगट रस्ते असतात, त्यांत पाऊल टाकू नका. गमबुटाने पडलेल्या खड्ड्यात पेंग्विन अडकू शकतो, म्हणून तुमचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर खड्डा बुजवूनच पुढे जा. मार्गदर्शकांनी रोवलेल्या झेंड्यांच्या आतच राहा.

उतरल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका, अशी आमची कळकळीची सूचना आहे. बहुतेक प्रवासी पहिल्या पेंग्विनपाशीच शंभर फोटो काढतात आणि मग वर चढतात, खाली येतात, वेळ संपतो. त्याऐवजी एका जागी, वसाहतीच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि एकच घरटं निवडा. वीस मिनिटांत तिथे काय काय घडतं : जोडीदार समुद्रावरून परततो, दोघं माना वाकवून आवाज देतात, अंड्यांवरची पाळी बदलते, शेजारी खडा पळवतो. वर स्कुआ हा शिकारी समुद्रपक्षी घिरट्या घालत असेल तर त्याच्यावर नजर ठेवा. तो वसाहतीच्या कडेचं दुबळं घरटं हेरतो, आणि बऱ्याचदा दोन स्कुआ मिळून काम करतात : एक पेंग्विनला चाळवतो, दुसरा अंडं उचलतो. तुम्ही फार जवळ गेलात आणि पेंग्विन घरट्यावरून उठला, तर अंडं स्कुआला तुम्हीच दिलंत.

तुमच्यामुळे पक्षी अस्वस्थ झालाय हे कसं कळेल? तो डोकं इकडून तिकडे वळवत एकेका डोळ्याने तुमच्याकडे बघतो, चालता चालता थबकतो, पंख फडफडवतो. लगेच दोन पावलं मागे. तो स्वतःहून जवळ आला तर हलू नका, हात पुढे करू नका.

नेको हार्बरला आणखी एक खबरदारी. समोरच्या हिमनदीचा कडा कोसळला की मोठी लाट किनाऱ्यावर येते. मार्गदर्शक वर जा म्हणाला की पाण्याच्या कडेला रेंगाळू नका.

किनाऱ्यावर पाण्याशिवाय खाणं-पिणं नाही, शौचालय नाही. खडा, पीस, हाड काहीही उचलायचं नाही. ड्रोन नेऊ नका.

९. सील

लांबून सगळे सील खडकासारखे दिसतात. किनाऱ्यावरच्या बर्फात लोळणारा, अंगावर ठिपके, अंगाच्या मानाने डोकं लहान : वेडेल सील. तरंगत्या लादीवर फिकट रंगाचे, कुत्र्यासारखं लांबट नाक असलेले : क्रॅबईटर. नावात खेकडा असला तरी ते खातात क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे चिमुकले जीव, आणि अंगावरचे लांब व्रण बहुतेक लेपर्ड सीलने केलेले असतात. लेपर्ड सील एकटाच पडलेला, डोकं सरड्यासारखं चपटं, जबडा लांब. तो पाण्यात उतरून बोटीभोवती फिरू लागला तर हात बोटीच्या आत.

फर सीलपासून पंधरा मीटर लांब राहा. बाहेर दिसणारे कान आणि पुढच्या वल्ह्यांवर उभं राहून चालणं ही त्याची खूण. तो जमिनीवर माणसाच्या अपेक्षेपेक्षा फार वेगाने येतो. अंगावर आला तर पाठ फिरवून पळू नका. उभे राहा, हात उंच करा, टाळ्या वाजवा, मग सावकाश मागे सरा.

१०. व्हेल

आधी फवारा शोधा. दुर्बिणीने नाही, नुसत्या डोळ्यांनी क्षितिजावरून सावकाश नजर फिरवा, फवारा दिसला की मग दुर्बीण उचला. झुडपासारखा पसरट फवारा हंपबॅकचा. उंच, खांबासारखा फवारा आणि लांबलचक पाठ फिन व्हेलची, तो जास्त करून ड्रेक आणि ब्रान्सफिल्ड सामुद्रधुनीत दिसतो. फवारा जेमतेम दिसतो आणि टोकदार नाक वर येतं तो मिंकी. पाठीवरचा उंच उभा काळा पर दिसला तर ओर्का.

हंपबॅक पृष्ठभागावर काही श्वास घेतो, मग पाठीची कमान करतो आणि शेपटी वर काढून खोल जातो. कमान दिसली की कॅमेरा डोळ्याला लावा, शेपटी दोन-तीन सेकंदांत येते. नंतर पाच-दहा मिनिटं काही दिसणार नाही. पाण्यावर बुडबुड्यांचं कडं उमटलं तर त्याच्या मध्यावर लक्ष ठेवा, तिथूनच तोंड उघडून तो वर येणार असतो. विल्हेल्मिना बे यासाठी नावाजलेली जागा.

११. फोटोसाठी एवढं पुरे

१००-४०० मिमीची एक लेन्स आणि निसर्गदृश्यांसाठी फोन, एवढ्यावर भागतं. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. बर्फाच्या पांढऱ्या उजेडाने कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो आणि फोटो राखाडी येतो, म्हणून एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वाढवा. उडत्या पक्ष्यांसाठी शटर १/१६०० किंवा वेगवान. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. जहाजात शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच ठेवा, नाहीतर काचेवर दव धरतं.

हंपबॅकच्या शेपटीचा खालून घेतलेला फोटो असेल तर तो जपा. प्रत्येक शेपटीची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, माणसाच्या बोटाच्या ठशासारखी. 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर फोटो, तारीख आणि ठिकाण टाकता येतं. ठिकाणासाठी जहाजावर रोज लावलेल्या नकाशाचा फोटो काढून ठेवा. तोच प्राणी पुढे कधी कोलंबिया किंवा इक्वेडोरच्या गरम पाण्यात, जिथे हे व्हेल विणीसाठी जातात, कुणाला दिसला तर तुम्हाला ईमेल येते.